भारताची स्वदेशी विमानवाहू नौका: बांधणीचे यश आणि सातत्याचा प्रश्न

चाळीस हजार टनांहून अधिक विस्थापनाची विमानवाहू नौका स्वतःच्या आराखड्यावरून आणि स्वतःच्या गोदीत बांधू शकलेले देश जगात जेमतेम अर्धा डझन आहेत, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे ‘आयएनएस विक्रांत’ सेवेत दाखल झाल्यापासून भारताची गणना त्यांत होऊ लागली आहे. विस्थापन म्हणजे तरंगणारे जहाज जेवढे पाणी बाजूला सारते त्या पाण्याचे वजन. युद्धनौकेचा आकार याच मापाने सांगण्याची पद्धत आहे. या घटनेचे देशभर कौतुक झाले आणि ते सार्थही होते. परंतु त्या कौतुकात एक मूलभूत गोष्ट मागे पडली. विमानवाहू नौका बांधण्याची क्षमता एकदा मिळवली म्हणजे कायमची हाती राहते असे नाही. पोलाद, आराखडा, गोदी, डेकवरून उडणारे विमान, ते उडवणारा वैमानिक आणि सोबतीची जहाजे या सर्वांचे काम एकापाठोपाठ एक चालू राहिले तरच ती टिकते. भारताने यातील सर्वांत अवघड वाटणारा भाग, म्हणजे प्रत्यक्ष जहाज, सिद्ध करून दाखवला आहे. विमान आणि सातत्य या दोन बाबतींत मात्र अजून बरेच काही साधायचे राहिले आहे.

भारतीय नौदलाला विमानवाहू नौका नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेला आणि युद्ध संपल्यावर अर्धवट सोडून दिलेला ‘हर्क्युलिस’ या नौकेचा सांगाडा १९५७ मध्ये ब्रिटनकडून विकत घेऊन तो बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत पूर्ण करून घेण्यात आला, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ या नावाने सेवेत आली. बांगलादेश मुक्तीच्या युद्धात तिच्या एका बॉयलरमध्ये दोष असल्यामुळे तिला पूर्ण वेग गाठता येत नव्हता. तरीही ४ डिसेंबर १९७१ पासून तिच्यावरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले चढवले आणि पूर्व पाकिस्तानातील फौजांचा समुद्रमार्ग तोडण्यात मोठा वाटा उचलला. जमिनीवरील दूरच्या विमानतळावर अवलंबून न राहता शत्रूच्या बंदरापर्यंत लढाऊ विमाने नेता येतात, हा धडा भारतीय नौदलाने पुस्तकातून घेतलेला नाही. तो या युद्धातून आला, आणि पुढील पन्नास वर्षे नौदलाने विमानवाहू नौकेचा आग्रह का सोडला नाही याचे उत्तरही त्यात आहे.

फॉकलंडच्या युद्धात वापरली गेलेली ‘हर्मिस’ ही नौका १९८७ मध्ये ‘विराट’ या नावाने भारताकडे आली. जुनी विक्रांत १९९७ मध्ये, तर विराट २०१७ मध्ये निवृत्त झाली. या दोन्ही नौकांच्या अखेरीशी महाराष्ट्राचा संबंध आहे आणि तो अभिमानास्पद नाही. विक्रांत काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. ती कायमची जपण्याइतका निधी उभा राहिला नाही आणि २०१४ मध्ये मुंबईतील दारूखाना येथे ती तोडण्यात आली. विराटचे संग्रहालय सिंधुदुर्गात निवतीजवळ करण्याच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली होती, पण तीही कागदावरच राहिली आणि २०२० मध्ये नौका तोडणीसाठी अलंगच्या किनाऱ्याला लागली. ज्या राज्याच्या किनाऱ्यावर शिवाजी महाराजांनी आरमार उभारले आणि ज्या महाराजांच्या राजमुद्रेवरून नौदलाच्या नव्या ध्वजावरील अष्टकोन घेतला गेला, त्या राज्याला यांपैकी एकही नौका जपता आली नाही, याची खंत नोंदवणे आवश्यक आहे.

स्वदेशी नौकेची कल्पना विक्रांत म्हातारी होऊ लागली तेव्हाची, म्हणजे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे. प्रथम फ्रान्सच्या नौबांधणी संस्थेच्या साहाय्याने पंचवीस हजार टनांच्या वरच्या नौकेचा अभ्यास झाला, परंतु १९९१ च्या आर्थिक संकटात एवढा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून आकार सतरा हजार टनांपर्यंत उतरवण्यात आला आणि ‘हवाई संरक्षण जहाज’ असे मवाळ नावही योजले गेले. आधुनिक लढाऊ विमाने एवढ्या लहान डेकवरून चालवता येणार नाहीत हे स्पष्ट होत गेले तसा आकार पुन्हा वाढत सदतीस हजार पाचशे टनांवर गेला, आणि पूर्ण झालेली नौका चाळीस हजार टनांच्याही पुढे गेली. या आकुंचन-प्रसरणात एका दशकाहून अधिक काळ गेला. उशिराचे खापर बहुतेक वेळा गोदीवर फोडले जाते. वस्तुतः गोदीत पहिला पत्रा कापला जाण्यापूर्वीच, नौका कशासाठी हवी आणि तिच्यावर कोणते विमान असेल याचा निर्णय होत नसल्यामुळे, बराच वेळ वाया गेला होता. सरकारची औपचारिक मंजुरी २००३ च्या सुमारास आली, पोलाद कापण्याचे काम २००५ मध्ये सुरू झाले आणि कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, २००९ च्या फेब्रुवारीत बसवण्यात आला.

या वाटचालीतील सर्वांत मोलाचा भाग पोलादाचा आहे आणि तो तपशिलात पाहण्याजोगा आहे. युद्धनौकेच्या पोलादाला केवळ ताकद असून भागत नाही. पाण्याखालच्या स्फोटाचा धक्का बसला असता पत्रा तडकण्याऐवजी वाकला पाहिजे, थंड पाण्यात तो ठिसूळ होता कामा नये, आणि हजारो ठिकाणी वेल्डिंग केल्यावर सांध्याजवळचे गुण मूळ पत्र्याइतकेच राहिले पाहिजेत. असे पोलाद रशियाकडून आणण्याचे ठरले होते. तो पुरवठा रखडला, तेव्हा हैदराबादची संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळा आणि स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया यांनी ‘डीएमआर २४९’ या वर्गाचे पोलाद देशातच तयार केले. त्यातील ‘ए’ प्रकार जहाजाच्या सांगाड्यासाठी आणि अधिक मजबूत ‘बी’ प्रकार विमाने उतरण्याच्या डेकसाठी आहे. भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी मिळून सुमारे तीस हजार टन पोलाद पुरवले. या पोलादाला जुळणारे वेल्डिंगचे इलेक्ट्रोड आणि वेल्डिंगची पद्धतही नव्याने ठरवावी लागली, कारण चुकीच्या तापमानाला जोडलेला सांधा वरून निर्दोष दिसतो आणि आतून तडा धरतो. हेच पोलाद पुढे पाणबुडीविरोधी कामोर्ता वर्गाच्या नौकांतही वापरले गेले. एका जहाजासाठी केलेला खटाटोप दुसऱ्या जहाजांच्या कामी कसा येतो याचा हा उत्तम दाखला आहे, आणि स्वदेशी बांधणीच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या सर्व युक्तिवादांत हाच सर्वांत भक्कम आहे.

नौदलाच्या स्वतःच्या आराखडा विभागाने नौकेचा आराखडा केला. विमानविषयक भागात रशियन आणि इंजिनांच्या मांडणीत इटालियन संस्थांचे साहाय्य होते. बांधणी कोचीन शिपयार्डकडे गेली, कारण एवढे मोठे जहाज मावेल अशी गोदी तिथे होती. या गोदीचा तोवरचा अनुभव मात्र मुख्यतः व्यापारी जहाजांचा होता. २६२ मीटर लांब, ६२ मीटर रुंद आणि सुमारे २,३०० कक्षांच्या या नौकेला चार गॅस टर्बाइन मिळून ८८ मेगावॉट शक्ती देतात. सुमारे ३,२६१ कोटी रुपयांच्या मूळ मंजुरीवरून खर्च वीस हजार कोटींच्या घरात पोचला. १२ ऑगस्ट २०१३ रोजी जलावतरण झाले आणि पहिली सागरी चाचणी ऑगस्ट २०२१ मध्ये झाली. मधल्या आठ वर्षांत यंत्रे, केबल आणि विमानविषयक उपकरणे बसवण्याचे काम परदेशी पुरवठ्याच्या वेळापत्रकावर अडकत गेले. नौकेचा ७६ टक्के भाग स्वदेशी असल्याचे सांगितले जाते. हा आकडा खरा असला तरी त्याची फोड करून पाहणे उचित ठरते, कारण नौदलात जहाजाचे तरंगणे, चालणे आणि लढणे असे तीन भाग मानले जातात आणि स्वदेशीचे प्रमाण पहिल्यात फार मोठे, दुसऱ्यात मध्यम आणि तिसऱ्यात बरेच कमी आहे. सांगाडा आपला, टर्बाइन अमेरिकी आराखड्याचे आणि देशात जुळवलेले, विमाने अडवणारी यंत्रणा रशियाची, मुख्य रडार बाहेरचे, अशी ही स्थिती आहे.

विमानवाहू नौकेचे खरे कसब तिच्या डेकवर दिसते. जमिनीवर लढाऊ विमानाला एक-दोन किलोमीटरची धावपट्टी मिळते, तर नौकेवर तिची लांबी दोनशे मीटरच्या आसपास असते. विक्रांतवर विमान उडते ते स्की-जंपच्या साहाय्याने, म्हणजे डेकच्या पुढच्या टोकाला वर उचललेल्या वक्र उतारावरून. डेकमधून वर येणारे अडसर विमानाची चाके रोखून धरतात, वैमानिक इंजिन पूर्ण जोरावर नेतो, अडसर खाली जातात आणि काही क्षणांत विमान उतारावरून वर फेकले जाते. उतरण्याची क्रिया याहून अवघड आहे. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आलेल्या विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या जाड पोलादी तारांपैकी एकीत अडकावा लागतो आणि शंभरेक मीटरच्या आत ते थांबावे लागते. चाके डेकला टेकताच वैमानिक वेग कमी करत नाही, उलट इंजिन पूर्ण जोरावर नेतो, कारण आकडा तारेत अडकला नाही तर त्याच झेपेत त्याला पुन्हा हवेत जायचे असते. हे सर्व रात्री, वर-खाली होणाऱ्या डेकवर, वारंवार आणि बिनचूक करावे लागते. म्हणून वैमानिक, डेकवरचे कर्मचारी आणि तंत्रज्ञ यांची घडण जहाजाच्या बांधणीइतकीच दीर्घकाळ चालते.

स्की-जंपची रचना सोपी आणि स्वस्त आहे, पण तिची किंमत विमानाला मोजावी लागते. विमान स्वतःच्या इंजिनाच्या बळावरच उडत असल्याने त्याला इंधन किंवा शस्त्रे कमी घेऊन निघावे लागते. शिवाय पंख्याची, जड, दूरवर टेहळणी करणारी विमाने अशा डेकवरून उडूच शकत नाहीत. विक्रांतला त्यासाठी कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरवर विसंबावे लागते, आणि हेलिकॉप्टरला विमानाइतकी उंची व वेळ मिळत नसल्याने त्याच्या रडारची नजरही तितकी दूर पोचत नाही. यावरचा उपाय म्हणजे कॅटापल्ट, अर्थात विमानाला ओढून वेग देणारी डेकमधील यंत्रणा, जी पूर्वी वाफेवर चालत असे आणि आता विद्युतचुंबकीय शक्तीवरही चालते. इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही, ती अशी की १९६१ च्या विक्रांतवर वाफेचा कॅटापल्ट होता आणि भारतीय नौदलाने तो दोन दशकांहून अधिक काळ चालवला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, सी हॅरियर विमानांना त्याची गरज नसल्यामुळे, त्याऐवजी स्की-जंप बसवण्यात आला आणि कॅटापल्ट हाताळणाऱ्यांची पिढी निवृत्त होत गेली. आज कॅटापल्टचा विचार होतो तेव्हा तो जणू पहिल्यापासून शिकायचा विषय असतो. खंड पडला की काय हरवते, हे या उदाहरणाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

विमानाची बाजू तर याहून कच्ची राहिली. रशियाकडून ४५ मिग-२९के विमाने घेण्यात आली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात त्यांच्या इंजिनांतील दोष नोंदवून, उड्डाणास सज्ज असण्याचे त्यांचे प्रमाण १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे म्हटले होते. तेजस या स्वदेशी लढाऊ विमानाची नौदलासाठीची आवृत्ती २०१२ मध्ये प्रथम उडाली. तिच्यासाठी गोव्यात दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर जमिनीवरच स्की-जंप आणि अडवण्याच्या तारा असलेली चाचणी-पट्टी उभारण्यात आली, तिथे २०१९ मध्ये तेजसने तारेच्या साहाय्याने उतरून दाखवले, ११ जानेवारी २०२० रोजी ते ‘विक्रमादित्य’ या भारताच्या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रांतवर उतरले. तरीही एका इंजिनाच्या बळावर पुरेशी शस्त्रे घेऊन उडण्याच्या दृष्टीने हे विमान जड ठरते, असे सांगून नौदलाने २०१६ मध्येच ते लढाऊ सेवेसाठी नाकारले होते. हा नकार कठोर असला तरी चुकीचा नव्हता, आणि तेजसवरचा खर्चही वाया गेला असे म्हणता येत नाही, कारण आकड्याची रचना, चाकांच्या खांबांची मजबुती आणि स्की-जंपवरचे उड्डाण-नियंत्रण यांचे जे ज्ञान त्यातून मिळाले ते आता दोन इंजिनांच्या नियोजित नौदल विमानाच्या आराखड्यात वापरले जात आहे. तोवरची पोकळी भरण्यासाठी २८ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा सुमारे ६३,००० कोटी रुपयांचा करार झाला. विक्रांतच्या आणि या कराराच्या रकमा वेगवेगळ्या काळातील असल्या आणि करारात शस्त्रे व देखभालीचाही समावेश असला, तरी विमानांचा खर्च नौकेच्या तिप्पट भरतो, ही बाब पुढील प्रत्येक चर्चेत समोर ठेवली पाहिजे. त्यातच राफेलचे पंख दुमडत नाहीत आणि विक्रांतच्या लिफ्ट मिगचे माप धरून केलेल्या आहेत, त्यामुळे हे विमान डेकखाली नेणे-आणणे हा किचकट विषय होऊन बसला आहे. जहाज आणि विमान वेगवेगळ्या वाटांनी ठरवले गेले तर असेच होणार.

चीनशी तुलना या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते. भारताने २०१३ मध्ये सेवेत घेतलेली ‘विक्रमादित्य’, म्हणजे पूर्वीची ‘गोर्शकोव्ह’, आणि चीनने २०१२ मध्ये सेवेत घेतलेली ‘लिआओनिंग’, म्हणजे पूर्वीची ‘वार्याग’, या दोन्ही नौका मुळात युक्रेनमधील निकोलायेव येथील एकाच गोदीत बांधल्या गेल्या होत्या. चीनला वार्याग मिळाली ती १९९८ मध्ये, तरंगता जुगारअड्डा करण्याच्या नावाखाली केलेल्या दोन कोटी डॉलरच्या खरेदीतून, आणि तुर्कस्तानने सामुद्रधुनीतून जाऊ देण्यास दीर्घकाळ नकार दिल्याने ती २००२ मध्ये दालियनला पोचली. विमानवाहू नौका चालवण्याचा अनुभव चीनकडे शून्य होता, भारताकडे चार दशकांचा होता. त्यानंतर चीनने त्याच रचनेवरून ‘शानदोंग’ बांधली आणि ती २०१९ मध्ये सेवेत आणली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ऐंशी हजार टनांहून मोठी, विद्युतचुंबकीय कॅटापल्ट असलेली ‘फुजियान’ दाखल केली. पैसा आणि औद्योगिक शक्ती यांतला फरक उघड आहे आणि भारताने चीनशी संख्येची बरोबरी करावी असे कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. शिकण्यासारखे आहे ते वेगळेच: शानदोंगचे काम संपण्यापूर्वी फुजियानचे सुरू झालेले होते, आणि त्या काळात विमानांचा विकास जहाजांच्या बरोबरीने चालू होता. विक्रांत पूर्ण झाल्यावर कोचीत मात्र तिच्यासारखे दुसरे काम उभे नव्हते.

विमानवाहू नौका हवीच कशाला, असा आक्षेप जुना आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. चीनने जहाजांवर मारा करणारी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे तयार केली आहेत, उपग्रहांची नजर तीक्ष्ण झाली आहे, आणि पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी २०२० मध्ये याच आधारावर पाणबुड्यांना अग्रक्रम देण्याचे मत मांडले होते. पाणबुड्यांची निकड खरी आहे; परंतु दोहोंची कामे भिन्न आहेत. पाणबुडी शत्रूला समुद्र वापरू देत नाही, विमानवाहू नौका आपल्याला तो वापरू देते. २८ नॉट, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने चालणारे जहाज शोधणे, त्याच्यावर नजर ठेवणे आणि क्षेपणास्त्र पोचेपर्यंत त्याचा ठावठिकाणा कळत राहणे हे उपग्रहाच्या एका छायाचित्रावर होणारे काम नाही. अंदमान-निकोबार हीच बुडवता न येणारी विमानवाहू नौका आहे, असेही म्हटले जाते. कॅम्पबेल बे येथील ‘आयएनएस बाझ’ सारखे तळ मलाक्काच्या सामुद्रधुनीवर नजर ठेवण्यास अमूल्य आहेतच, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याकडील समुद्रात त्यांचा उपयोग नाही आणि त्यांची जागा शत्रूच्या नकाशावर कायमची नोंदलेली असते. तात्पर्य, दक्षिण चीन समुद्रात नेऊन उभी करण्यासाठी भारताला अशी नौका नको, हिंदी महासागरात व्यापारी मार्गांवर स्वतःचे हवाई छत्र राखण्यासाठी हवी. या मर्यादित उद्देशाला पंचेचाळीस हजार टनांची नौका पुरेशी आहे आणि पासष्ट हजार टनांच्या नौकेची जी योजना अनेक वर्षे चर्चेत राहिली ती या टप्प्यावर परवडणारी नाही, असे म्हणावे लागते.

संख्येचा हिशेब साधा आहे. प्रत्येक नौकेला ठरावीक काळाने महिनोन्‌महिने गोदीत जावे लागते, त्यामुळे पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर नेहमी एकेक नौका सज्ज ठेवायची तर तीन लागतात. तिसरी नौका एकटी येत नाही. तिच्याबरोबर विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी आणि इंधनपुरवठा करणारे जहाज लागते. या बाबतीत मुंबईच्या माझगाव डॉकने बजावलेली कामगिरी विमानवाहू नौकेइतकीच महत्त्वाची आहे, कारण कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका आणि कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या तिथेच बांधल्या गेल्या, आणि गोव्यातील बंदराचे नाव धारण करणारी ‘मुरगाव’ ही त्यांपैकीच एक विनाशिका आहे. या गोदीत विनाशिकांच्या एका वर्गाचे काम संपताना पुढच्याचे सुरू झालेले असे, म्हणून तिथले कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या मुरत गेले. विमानवाहू नौकेच्या बाबतीत हवे आहे ते नेमके हेच.

विक्रांत सेवेत येऊन तीन वर्षे उलटली तरी तिच्यासारख्या दुसऱ्या नौकेची मागणी नोंदवली गेलेली नव्हती. पहिल्या नौकेला मंजुरीपासून सेवेपर्यंत जवळजवळ वीस वर्षे लागली. दुसरीला आराखडा हाताशी असल्याने दहा-बारा वर्षे पुरतील असे गृहीत धरले, तरी विक्रमादित्यचा सांगाडा १९८२ साली पाण्यात उतरलेला आहे, आणि आज मागणी दिली तरीही नवी नौका येईपर्यंत त्याने वयाची पंचावन्न वर्षे गाठलेली असतील.